वरच्या अर्ध्या घड्याळाचा निकाल

मु. पो. वैशाखरे,
ता. मुरबाड

तीर्थस्वरूप पंढरीदादा यांना,

वैशाखऱ्याहून सुनिलचा नमस्कार. नमस्कार पूर्ण आहे, वाकून केलेला आहे आणि त्यात कसलीही खोच नाही. खोच पुढे येईल. कान्हाकाकांचे गुडघे कसे आहेत? तुमच्याकडे कसाऱ्याला घाटाखालचा गारठा जास्त, तेव्हा त्यांना सकाळचं उन्हात बसवत जा. वहिनींचा दमा बरा असेल. तुमच्या साखरेचं काय? (भागीआत्या परवा सांगत होती की तुम्ही चहात साखर टाकत नाही, पण चहासोबत गोडाची बिस्किटं खाता. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त सुंदराला सांगितलं, आणि माझी बायको पोटात गोष्ट किती ठेवते ते तुम्हाला ठाऊक आहे.) इकडे सगळे खुशाल. भात झोडून झालं, नाचणी बरी आली, वाल पेरलेत. आबांनी चौऱ्याऐंशी पूर्ण केली, तरी नाचणीची भाकरी दाताने तोडतात. ते दात त्यांचे स्वतःचे आहेत हेही नोंदवून ठेवतो, कारण तुमच्याकडे वेगळी बातमी पोचली असेल.

आजच्या जमान्यात पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय म्हणून. शिवाय फोन मधेच कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण आपल्या घराण्यात कापाकापी एकदा झाली तेवढी पुष्कळ झाली. आणि हो, लहानपणी मी तुम्हाला 'तू'च म्हणायचो, पण भांडणाला 'तुम्ही' बरं पडतं, म्हणून या पत्रात तेच चालवतो.

मुद्द्यावर येतो. शहापूरच्या त्या लग्नात, जेवणाच्या रांगेत, हातात भरलेली प्लेट घेऊन तुम्ही चारचौघांत म्हणालात की खरं अमेरिकन घड्याळ तुमच्याकडे आहे आणि वैशाखऱ्याला नुसता डबा टांगलाय. मी म्हणालो, तुमच्याकडे घड्याळ नाही, घड्याळाचं पोट आहे. तुम्ही म्हणालात, मग माणूस बोलवून किंमत करून घे, दूध का दूध पानी का पानी होऊ दे. माझ्या प्लेटमधली जिलेबी त्या रागाने खाली पडली. ती मी विसरलेलो नाही. तर दादा, मी माणूस बोलावला. घड्याळाची तपासणी झाली. आणि तुम्हाला कळवायला मला अतिशय अभिमान वाटतो की निकाल आमच्या बाजूने लागलेला आहे.

आता आधी थोडा इतिहास. तुम्हाला तो माहीत आहे हे मला माहीत आहे, पण तुमच्या घरात तो चुकीचा सांगितला जातो, म्हणून लेखी ठेवतो. आपले आजोबा म्हशाच्या जत्रेला गेले होते ते बैल आणायला. जोडीतला एक बैल त्या साली मेला होता. जत्रेत एक जुन्या सामानवाला बसला होता, त्याच्याकडे कुणा साहेबाच्या बंगल्यातून निघालेलं हे घड्याळ होतं. हातभर उंच, डोक्यावर कोरीव मुकुट, आणि एकाखाली एक अशा दोन तबकड्या. वरचीत वेळ. खालचीत एक काटा, तो एक ते एकतीस फिरतो, आणि मध्ये दोन खिडक्या, एकीत वार, दुसरीत महिना. फेब्रुवारी किती दिवसांचा तेही त्याला आपोआप कळतं. आजोबांना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी बैलाचे पैसे तिथे मोजले आणि घड्याळ खांद्यावर घेऊन घरी आले. त्या साली आपला उरलेला बैल शेजाऱ्याच्या बैलाच्या गळ्यात गळा घालून राबला. आजीने बरेच दिवस त्यांना ताट वाढलं ते पाठ फिरवून. पण साऱ्या पंचक्रोशीत, पार टोकावड्यापर्यंत, आजची तारीख काय हे विचारायला लोक आपल्या ओट्यावर यायचे. माणसं पिऊन वाद घालायची ती तारखेवरून, आणि निवाडा आपल्या भिंतीवर व्हायचा. ह्याला म्हणतात घराणं.

पुढे आबा आणि कान्हाकाका, दोघा सख्ख्या भावांचं बांधावरून वाजलं आणि वाटणी झाली. (बांध कुणी सरकवला हा विषय मी या पत्रात काढणार नाही. तो सरकला होता एवढंच म्हणतो.) भांडी निम्मी, कणग्या निम्म्या, आंब्याच्या फांद्यासुद्धा पूर्व-पश्चिम करून निम्म्या. शेवटी राहिलं घड्याळ. दोघंही हट्टाला पेटलेले. एक म्हणे मी घेणार, दुसरा म्हणे मी. विकून पैसे वाटा असं पंच म्हणाले तर दोघंही मिळून पंचांवर धावून गेले. (वाटणीच्या त्या सबंध दिवसात दोघांचं एकमत झालं ते एवढंच.) मग पंचांपैकी कुणीतरी वर बघितलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तबकड्या दोन, भाऊ दोन! परमेश्वराने जणू वाटणीसाठीच बनवलेली वस्तू. सुतार बिचारा म्हणाला, असं करू नका, लाकूड लई जुनं हाय. पण वाटणीच्या दिवशी शहाण्या माणसाचं कोण ऐकतं? त्याने दोन तबकड्यांच्या मधोमध करवत लावली. वरचा भाग थोरल्याला, म्हणजे आबांना. खालचा धाकट्याला, म्हणजे काकांना. तो करवतीचा आवाज चालू होता तेव्हा तुम्ही आणि मी ओट्यावर बसून एकाच वाटीतले भाजलेले वाल खात होतो. तुम्हाला आठवतं का, माहीत नाही. तुम्ही मोठे होतात, तरी रडलात तुम्हीच आधी. (हे मी शहापूरच्या रांगेत बोललो नाही, यातलं माझं मन पाहा.)

मग काका बायकोच्या माहेरी कसाऱ्याकडे निघून गेले, अर्धं घड्याळ गोधडीत गुंडाळून. तेव्हापासून वैशाखऱ्यात म्हणतात घड्याळ आमच्याकडे आहे, आणि कसाऱ्यात म्हणतात घड्याळ आमच्याकडे आहे. जे चालतं, टोले देतं, ज्याला चावी लागते ते घड्याळ, असं आमचं म्हणणं. घड्याळं काय, छप्पन मिळतात, महिना-वार दाखवणारं दाखवा, हे तुमचं. मी मुद्दाम तुमची बाजूही लिहिली. नंतर म्हणू नका.

तर त्या जिलेबीच्या प्रकारानंतर मी आमच्या लेकीला, स्नेहलला म्हणालो, तू रोज कल्याणला नोकरीला जातेस, एवढी शिकलीस, जुन्या घड्याळांची पारख करणारा एखादा माणूस शोध. तिने मोबाइलवर शोधला, आणि माणूस निघाली बाई. ठाण्याच्या रुचिता मॅडम. वय स्नेहलपेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त असेल नसेल. जुनी घड्याळं बघायची, त्यांची तब्येत कशी आहे आणि काय मोलाची आहेत ते सांगायचं, हाच त्यांचा धंदा. मला आधी शंका आली, एवढीशी पोरगी काय सांगणार. पण त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "काका, तुम्ही ते पुसलं वगैरे नाहीये ना?" तेव्हा मला कळलं की बाई जाणती आहे, कारण मी तेव्हा ते पुसतच होतो. खोबरेल तेलाने.

मी त्यांना टोकावड्याच्या स्टॉपवर घ्यायला गेलो, मोटारसायकलवर. (एसटी वेळेवर आली. हे कुणी मानणार नाही, पण लिहून ठेवतो.) वाटेत मी त्यांना वर लिहिलेला सगळा इतिहास सांगितला. घरी आल्यावर कळलं की हेल्मेटमुळे त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. मग ओट्यावर परत सांगितला. तोवर अर्धं गाव गोळा झालं होतं. मीच दोन दिवस आधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आपल्या घड्याळाची तपासणी आहे, साक्षीला या. गुरांची डॉक्टरीण म्हैस बघायला येते तेव्हाही एवढी माणसं येत नाहीत. मॅडमनी पिशवीतून भिंग काढलं, बारकी बॅटरी काढली, मऊ फडकं अंथरलं, आणि घड्याळाकडे बघितलं. भिंग वरून खाली दोनदा फिरवलं. मी आबांकडे अभिमानाने पाहिलं. आबा खाटेवर बसून तंबाखू मळत होते.

"काका," मॅडम म्हणाल्या, "हा निळा रंग कुणी दिला?" मी म्हणालो, मी स्वतः. आमच्या मुलाच्या, किशोरच्या लग्नात भिंतींना दिला तोच ऑइलपेंट, दोन हात, घासून. मुकुटाला सोनेरी. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांनी आकड्यांकडे बोट केलं. आकडे रोमन आहेत, तुम्हाला आठवत असेल. त्यातला सहाचा आकडा मागे पुसला गेला होता, तिथे मी मराठीत ६ काढलाय, सुबक, शाईने. अमेरिकन घड्याळात एक मराठी आकडा! हे अख्ख्या अमेरिकेत कुणाकडे नसेल, असं मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "नसेल, काका. खात्री आहे माझी." पुन्हा वहीत लिहिलं. खालून करवतीने उघडी पडलेली बाजू आबांनी त्या काळी तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून बंद केली होती (तुम्ही 'डबा' म्हणालात ते यावरून, मला समजतं सगळं). त्या पत्र्याला भोक पाडून लोलक खाली काढलाय, सदऱ्याखालून नाडी लोंबावी तसा तो उघड्यावर हलतो. घड्याळ मागे पडायला लागलं तेव्हा मी लोलकाच्या दांडीला वर सायकलचा एक नट बांधला, आणि तेव्हापासून ते बिनचूक आहे. हे सगळं मी एकेक करून समजावून दिलं. मी सांगायचो आणि त्या लिहायच्या. एवढ्या कौतुकाने माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं, दादा. शाळेत असताना गुरुजी लिहायचे, पण ते घरी दाखवायला.

मग त्यांनी मागची बाजू उघडली. आत एक कुंभारीण माशीचं मातीचं घर, एक वाळलेलं लिंबू आणि सुंदराची कानातली कुडी. ही कुडी हरवली तेव्हा ती कोंबडीने गिळली असा आमच्या घरात सर्वानुमते निर्णय झाला होता, आणि त्यापायी एक अंडी घालणारी कोंबडी आम्ही कापली होती. कुडी न मिळाल्याने दुसरीही कापली होती. सुंदरा सगळ्या गावादेखत मला म्हणाली, "बघा! मी तवाच बोल्ले व्हते, कोंबडीवर आळ घालू नका." ती असं बोललेली मला मुळीच आठवत नाही. सुरी तिच्याच हातात होती. पण मॅडमसमोर घरची भांडणं नकोत म्हणून मी विषय बदलला, आणि त्यांना विचारलं की कुडीची किंमत घड्याळात धरता येईल का.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्यापुढे तुमच्या तारखा-महिने फिके पडतात. आमच्या घड्याळाला जेवणाचा खटका आहे. तुम्ही वाटणीनंतर कधी आमच्याकडे जेवायला थांबला नाहीत, म्हणून तुम्हाला ठाऊक नसेल. लोलकाशेजारी खाली एक तार लोंबते. दुपारी बाराचे टोले संपत आले की आत 'खट्' असा आवाज होतो आणि ती तार झटक्याने खाली येते. फक्त दुपारी, रात्री नाही. रात्री बाराला साहेब झोपलेला असतो, त्याला जेवायला उठवायचं कारण नाही, एवढा विचार त्या अमेरिकन कारागिरांनी केलाय. आमच्या घरात खटका झाल्याशिवाय ताट वाढत नाहीत, हा आबांचा नियम. खळ्यावर ऐकू जावं म्हणून त्या तारेला मी बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू बांधलंय. बाराला 'छन्' झालं की माणसं कामावरून हात धुवायला वळतात. गावात कुणाच्याही घरी दुपारी गेलात तर "नवसूआबाकडचं घुंगरू वाजलं का?" हा प्रश्न ऐकू येईल. हे घड्याळ नसतं तर निम्मं वैशाखरं उपाशी राहिलं असतं असं मी म्हणत नाही, पण वेळेवर जेवलं नसतं हे नक्की.

तर तपासणी चालू असतानाच बारा वाजले. टोले पडले, खट् झालं, घुंगरू वाजलं, आणि सुंदराने सवयीने ताटं आणली. भात, वालाचं बिरडं, पापड. आबांनी नेहमीप्रमाणे ताटातलं भाताचं एक शीत उजव्या हाताच्या बोटाने जरासं बाजूला सारलं आणि मग जेवायला सुरुवात केली. (ते रोज असं करतात. पितरांचा घास असावा, असं आम्ही धरून चालतो.) मॅडम मात्र हातातलं भिंग तसंच धरून त्या घुंगराकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, हे काय आहे?" मी अभिमानाने सांगितलं. त्यावर त्या जे बोलल्या, आणि त्यावर आबा जे बोलले, ते इथे लिहीत बसलो तर पत्र लांबेल. जागा उरली तर शेवटी लिहितो.

जेवण झाल्यावर मॅडमनी अहवाल वाचून दाखवला. मी तो सगळा लिहीत नाही, तुम्हाला वाईट वाटेल. थोडक्यात, यंत्र अस्सल आहे, अमेरिकेतलंच आहे, दीडशेच्या आसपास वर्षांचं आहे, चाकं-दाते शाबूत आहेत, आणि इतक्या वर्षांनी इतके हाल सोसून चालणारं घड्याळ त्यांनी आजवर पाहिलेलं नाही. हे त्यांचेच शब्द. 'हाल' हा शब्द त्यांनी कौतुकाने वापरला असं मी समजतो. गावाने टाळ्या वाजवल्या. निघताना मॅडमनी घुंगरासकट घड्याळाचा फोटो काढला आणि म्हणाल्या की हा मी सगळ्यांना दाखवणार. एवढा मान वरच्या अर्ध्याला मिळाला. खालच्याला कुणी बघायला आलंय का?

असो. दावा माझा नव्हता, सत्याचा होता. काकांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. माझी जिलेबी भरून द्यायची गरज नाही.

वैशाखऱ्याच्या घड्याळवाल्यांपैकी, तुमचाच
सुनिल

ता. क. पत्र बंद करणार होतो, तेवढ्यात सुंदराने वाचलं आणि म्हणाली की अर्धवट निकाल पाठवणं हे अर्ध्या घड्याळासारखंच झालं. तिच्या समाधानासाठी दोन ओळी जोडतो. मॅडम शेवटी असंही म्हणाल्या की नुसती वेळ दाखवणारी तशी घड्याळं पुष्कळ आली होती, आणि निळा रंग, मराठी सहा, पत्रा व नट धरून वरच्या अर्ध्याच्या किमतीत फार तर एक बरी शेळी येईल. (आजोबांनी बैल दिला होता.) ज्याला मोल आहे, ज्याच्यासाठी शौकीन माणसं जीव टाकतात, ते म्हणजे खालचं तारखेचं यंत्र. "ते कुठे आहे, काका?" असं त्यांनी तीनदा विचारलं. मी पहिल्यांदा म्हणालो, दुरुस्तीला दिलंय. दुसऱ्यांदा म्हणालो, भावाकडे आहे. तिसऱ्यांदा मी त्यांना चहा विचारला. तर निकाल काय लागला ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही हे पत्र शहापूरच्या पुढच्या लग्नात वाचून दाखवणार हे मी धरून चालतो.

ता. क. २. जागा उरलीय, म्हणून ते खटक्याचं लिहितो. मॅडम म्हणाल्या की तो जेवणाचा खटका नाही. ती तार खालच्या तबकडीला जोडलेली असते. दिवस संपला की वरचं घड्याळ त्या तारेने खालची तारीख एक घर पुढे ढकलतं. करवत फिरली तरी वरच्याला ते कुणी सांगितलं नाही, ते आपलं रोज हवेत तारीख ढकलत राहिलंय. आणि आम्ही त्याला घुंगरू बांधून जेवत बसलो. इतकी वर्षं! गाव हसलं. मीही हसलो, काय करणार. मग मॅडम म्हणाल्या की अजून एक दोष आहे, हे रात्री बाराला व्हायला हवं, तुमच्यात दुपारी होतं, कधीतरी काटे फिरवताना कुणाची तरी चूक झालीय. त्यावर आबा ताटावरून न उठता बोलले, "चूक नाय ती. मला ठाव हाय. आमीच फिरवलं व्हतं काटं."

आबा म्हणाले, "रातच्याला आमचा बाप कंदील इझवायचा न् आमाला झोपवायचा. तारीख कवा सरकते ती आमाला दिसायचीच नाय. सकाळी उठावं तर सरकलेली. मंग एक दिस कान्हा बोल्ला, दादा, तिला दुपारची करू. स्टुलावर मी चढलो, स्टूल त्यानं धरलं. बारा तास फिरवलं काटं. मंग रोज दोघं खाली उभं राहून बघायचो. आदी तारीख, मंग ताट." आणि मग त्यांनी बोटाने हवेत काहीतरी बाजूला सारल्यासारखं केलं. तेव्हा मला कळलं, दादा, की ते शीत पितरांचं नव्हतं. रोज ताटावर बसून आबा कान्हाकाकांची तारीख बदलतात. मी त्यांना विचारलं, आबा, मग आम्हाला कधी बोलला नाहीत? म्हणाले, "तुमी इचारलं कुठं? तुमी घुंगरू बांधलं."

संध्याकाळी गाव पांगल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि पलीकडे बघत विचारलं, "त्याच्याकडं फिरते का रे अजून तारीख? का पडून हाय?" वाटणीनंतर आबांनी काकांविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न. इतका मोठा घड्याळवाला मी, पण एवढं मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे एवढंच विचारायला हे पत्र लिहिलंय. बाकीचं सगळं, जिलेबीसकट, प्रस्तावना समजा. तारीख फिरते की पडून आहे, तेवढं एका ओळीत कळवा. कार्ड सोबत जोडलंय, पत्ता घालून.

ता. क. ३. कार्ड परत पाठवू नकोस. टपालात टाकायला निघालो तर भागीआत्याचा फोन आला, आणि मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, फिरते तर. कान्हा रोज स्वतःच्या बोटानं फिरवतो, आणि तेही दुपारी, ताटावर बसायच्या आधी. तुझी पोरं हसतात म्हणे, की लोकांची तारीख रात्री बदलते न् आमच्या म्हाताऱ्याची दुपारी. त्यांना हसू नको म्हणावं. आमच्याकडेही हेच चाललंय.

मी हे आबांना सांगितलेलं नाही. मला सांगता यायचं नाही, तूच येऊन दाखव. रविवारी काकांना घेऊन ये, खालचा भाग गोधडीत बांधून आण, गेला होता तसा. विकायचं-बिकायचं काही नाही, मॅडमना बोलावलेलं नाही, गावालाही मी सांगणार नाही (सुंदराला सांगितलंय, म्हणजे सांगून झालंय). करवतीने खाल्लेलं लाकूड काही परत येत नाही, मधे बोटभर फट राहील. राहू दे. तार तेवढी पोचते, मी मोजून बघितलीय. घुंगरू मी सोडून ठेवलंय. स्टूलही आहे, पण या वयात दोघांपैकी कुणाला चढू द्यायचं नाही. आपण दोघं चढू आणि ते धरतील.

वालाचं बिरडं करायला सांगितलंय, आणि एक वाटी भाजलेले वेगळे. फक्त बाराच्या आत ये, दादा. बारा वाजून गेल्यावर आलास तर तारीख बदललेली असेल आणि दोघांनाही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागेल.